घरातली पहिली मोटार

मोटारीचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा कारखान्यापासून आरंभ करतो. पहिली गाडी कोणत्या साली बाहेर पडली, तिचे इंजिन किती शक्तीचे होते आणि ती कोणा भाग्यवंताच्या हाती प्रथम पडली, एवढे नोंदले म्हणजे आपले काम संपले असे त्यास वाटते. परंतु नांदेड व लातूर यांसारख्या जिल्ह्यांचा मोटारइतिहास या रीतीने लिहू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. कारण येथल्या मध्यमवर्गीय कुटुंबात जी पहिली मोटार आली, ती बहुतांशी दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या हाताची होती, आणि ती खऱ्या अर्थाने त्या कुटुंबाची झाली ती विक्रीच्या दिवशी नव्हे, तर नाक्याजवळच्या गॅरेजात पुर्जा पुर्जा सुटी होऊन पुन्हा उभी राहिली त्या दिवशी. जुनी लहान मोटार घेऊन तिचा जीर्णोद्धार करणे आणि त्याच वेळी तीत कालानुरूप सुधारणा करणे हा या प्रांतात श्रीमंतांचा शौक कधीच नव्हता. वाहनप्राप्तीचा तो सरळ आणि पुष्कळांच्या बाबतीत एकमेव मार्ग होता.

हे जिल्हे हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होते तेव्हा मोटार ही वस्तू राजधानीची आणि राजवैभवाची होती. सहाव्या निजामाने मागवलेली आणि त्याच्या निधनानंतर हैदराबादेस दाखल झालेली १९१२ ची सिंहासनयुक्त रोल्स रॉइस क्वचितच रस्त्यावर आली, एवढ्यावरूनच त्या काळी मोटारीकडे वाहनापेक्षा ऐश्वर्याचे चिन्ह म्हणून कसे पाहिले जाई याची कल्पना यावी. जिल्ह्याच्या ठिकाणी अव्वल तालुकदार, एखादा जहागीरदार, एखादा सरकी-कापसाचा धनाढ्य व्यापारी यांच्या दारी गाडी दिसे. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर करोडगिरीच्या नाक्यांवर जकात बसे, आणि कंपनी सरकारशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहापासून पाच टक्के हा तिचा रूढ दर होता. त्यात रुपयाही निराळा, हाली सिक्क्याचा, म्हणून सोलापुरातून एखादा सुटा भाग आणावयाचा तर हुंडणावळीचा हिशेब आणि नाकेदाराची पावती या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागत. सामान्य प्रजेला इंजिनावर चालणाऱ्या गाडीचे प्रथम घनिष्ठ दर्शन घडवले ते निजाम स्टेट रेल्वेच्या मोटार खात्याने. जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सुरू झालेली ही सेवा भारतातील सरकारी प्रवासी वाहतुकीच्या आद्य प्रयत्नांपैकी एक होय. आणि १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळाची स्थापना झाली, तेव्हा मराठवाड्याने त्यात आपला हा वारसाही आणला.

तथापि मोटार येण्यापूर्वीच तिची दुरुस्ती करू शकणारा हात येथे घडत होता, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ साली लातूरला पोहोचला, १९१७ च्या सुमारास गंजगोलाईची ती सुप्रसिद्ध वर्तुळाकार रचना आकारास आली, आणि धान्य, तेलबिया व कापूस यांची ती पेठ दख्खनेत नावारूपास आली. इकडे नांदेडात मनमाड-हैदराबाद लोहमार्गाच्या आश्रयाने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि उस्मानशाही मिल उभी राहिली. सरकी वेगळी करणारी यंत्रे, तेलाच्या घाण्या, पिठाच्या गिरण्या आणि विहिरीवरचे पंप यांना जोडलेली ऑइल इंजिने चालू ठेवावयाची तर कोणी तरी खरादी, कोणी तरी लोहार, कोणी तरी फिटर जवळ असावाच लागतो. पिस्टनची रिंग झिजली म्हणजे काय होते, बेअरिंग का धरते, व्हॉल्व्ह बसवून कसा घासावा, हे ज्ञान अशा रीतीने मोटारीच्या आधी येथे येऊन बसले होते. पुढे मोटार आली तेव्हा या कारागिरांना ती अपरिचित वाटली नाही. तिचे इंजिन त्यांना गिरणीच्या इंजिनाचेच एक चपळ भावंड वाटले असल्यास नवल नाही. या विद्येची परिभाषा दख्खनी उर्दूतून आली, उस्ताद आणि शागीर्द हे तिचे गुरुकुल झाले, आणि पुढे नांदेडच्या ट्रकव्यवसायातील शीख बांधवांनी आणि एस.टी.च्या आगारांत तयार झालेल्या यंत्रकुशल कामगारांनी तीत आपापली भर घातली.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी सत्ता संपुष्टात आली, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, आणि चार पैशांच्या कामास चार आण्यांचे पेट्रोल जाळणाऱ्या मोठ्या विलायती गाड्या पोसणे अनेकांना जड जाऊ लागले. नेमक्या याच सुमारास देशातील मोटारधंद्याची घडीही बदलत होती. लातूरच्या बाजाराशी जुना घरोबा असलेल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम डॉज व प्लिमथ या अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या, आणि नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन आधी इवलीशी फियाट ५०० व १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी निघू लागली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने असे धोरण ठरवले की, जे कारखानदार सुटे भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनीच या धंद्यात राहावे. त्यासरशी फोर्ड व जनरल मोटर्स यांनी आपापली जुळणीची कामे आवरती घेतली. ग्राहकापुढे मग कलकत्त्याजवळची अँबॅसिडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड अशी तीनच नावे प्रामुख्याने उरली. त्यांपैकी लहान, आटोपशीर आणि दुरुस्तीस सोपी म्हणून फियाटने महाराष्ट्राचे मन जिंकले, आणि तिच्या पहिल्या गोलसर आकृतीस लोकांनी डुक्कर फियाट हे नाव निःसंकोच बहाल केले.

नवी गाडी मिळणे मात्र दुरापास्त होते. मागणी मोठी, उत्पादन परवान्यात जखडलेले, आणि वितरणावर १९५९ च्या नियंत्रण हुकमाचा अंमल. नाव नोंदवून ग्राहकाने वर्षानुवर्षे वाट पाहावी, सरकारी अधिकारी, डॉक्टर आदींना मिळणाऱ्या अग्रक्रमाकडे बघत बसावे, आणि अखेर कंटाळून मुंबईच्या दलालाकडे जावे, असा हा क्रम होता. अशा परिस्थितीत दोन वर्षे वापरलेल्या फियाटची किंमत नव्या फियाटच्या सरकारमान्य किमतीहून चढी असे, हा अर्थशास्त्राला न शोभणारा चमत्कार त्या पिढीने प्रत्यक्ष पाहिला. लहान आणि स्वस्त मोटार देशात तयार व्हावी यासाठी समित्या बसत होत्या, अहवाल येत होते, इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी स्वतःच्या कल्पकतेने ‘मीरा’ नावाची चिमुकली मोटार घडवून सरकारदरबारी खेटे घालत होते; परंतु त्यातून नांदेडच्या वकिलास किंवा लातूरच्या आडत्यास गाडी मिळत नव्हती. त्याला मिळत होती ती मुंबईत वा हैदराबादेत आपले तारुण्य घालवून आलेली गाडी.

या जुन्या गाड्यांच्या येण्याच्या वाटा दोन होत्या, आणि त्या दोन्ही वाटांचे गुणदोष येथल्या जाणत्या मिस्तरीस तोंडपाठ असत. मुंबई-पुण्याहून सोलापूरमार्गे लातुरात येणारी गाडी दिसावयास टापटीप, आसने बरी, इंजिनही पुष्कळदा शाबूत. परंतु समुद्राच्या खाऱ्या हवेने तिचा पत्रा आतून पोखरलेला असे. हैदराबादेहून देगलूरच्या वाटेने नांदेडात येणाऱ्या गाडीचा पत्रा कोरड्या हवेमुळे ठणठणीत असावयाचा, पण दख्खनच्या धुळीने तिचे सिलिंडर खाल्लेले असावयाचे. म्हणून पहिलीचा सौदा करताना गिऱ्हाईक गुडघे टेकून दरवाजाखालचा उंबरा, डिक्कीचा तळ आणि बॅटरीखालची जागा बोटाने टोचून पाही, तर दुसरीच्या बाबतीत सायलेन्सरमागे उभे राहून निळसर धूर निघतो की काय याची परीक्षा करी. इसार दिल्यावर कागदपत्रांचा खटाटोप सुरू होई: मूळ ठिकाणचा ना-हरकत दाखला, मालकी बदलण्याचे अर्ज, चेसी व इंजिनावरील क्रमांकांचा मेळ, आणि शेवटी पासिंग. या दफ्तरी सोपस्कारात ज्याने हयगय केली, त्याची गाडी पुढे कितीही उत्तम बांधली गेली तरी कायद्याच्या दृष्टीने ती परक्याचीच राहिली.

यानंतरचा भाग हा या इतिहासाचा गाभा होय. गाडी गॅरेजात लागली की प्रथम तिचे इंजिन खाली उतरवले जाई. हेड काढून सिलिंडरचे माप घेतले जाई. झीज थोडी असेल तर नुसत्या रिंगा बदलून भागे, अधिक असेल तर बोअर करून वीस, चाळीस किंवा साठ साइजचा पिस्टन टाकावा लागे, आणि तीही मर्यादा संपली असेल तर स्लीव्ह मारून इंजिन पुन्हा मूळ मापावर आणले जाई. फियाटचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन या उपचारास विलक्षण अनुकूल होते. एकाच इंजिनाने असे दोन-तीन जन्म सहज घ्यावेत. क्रँक घासून येई, बेअरिंगे बसत, व्हॉल्व्ह हाताने घासून त्यांत पेट्रोल ओतून गळती पाहिली जाई. तिकडे डेंटर सडलेला पत्रा कापून काढी, नव्या पत्र्याला हातोडी व ठोकळ्याने मूळचा गोलवा देऊन तो गॅसने जोडी, आणि मग लांबी भरणे, पाणकागदाने घासणे, पुन्हा भरणे, पुन्हा घासणे असे दिवसचे दिवस चाले. गादीकाम करणारा आसनांची रेक्झिन बदली, वायरमन कापडी आवरणाची कुजलेली वायर काढून संबंध नवी जाळी ओढी. असे चार-पाच कसबांचे लोक एका गाडीभोवती एकत्र येत, आणि त्यांतील बहुतेक ते कसब शाळेत शिकलेले नसत. त्यांची शाळा म्हणजे उस्तादाच्या हाताखालची उमेदवारी. गाडी तयार झाली तरी मालकास लगेच वेगाचा आनंद घेता येत नसे. नव्या रिंगा सिलिंडरात बसेपर्यंत पहिले हजारभर किलोमीटर तरी सबुरीने चालवण्याची ताकीद असे, आणि मागल्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून कित्येकांनी आपल्या पहिल्या मोटारीतून तुळजापूरची पहिली यात्रा बैलगाडीच्या संयमाने केली.

परंतु या कारागिरीचे वैशिष्ट्य केवळ गाडी पूर्ववत करण्यात नव्हते. इटलीत कल्पिलेली आणि कुर्ल्यात बनलेली गाडी मराठवाड्यातील वैशाखात, चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात, काळ्या मातीच्या रस्त्यावरून चालवावयाची होती. म्हणून जीर्णोद्धार करताना तीत सुधारणा करणे हे येथे प्रायः गृहीतच धरलेले असे. रेडिएटरची जाळी अधिक दाट करून घेणे, मागच्या कमानपाट्यात एक पाटा वाढवणे, इंजिनाखाली दगडापासून रक्षण करणारा पत्रा ठोकणे, या सुधारणा भूगोलाने सुचवल्या. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणे, पिवळट दिव्यांच्या जागी हॅलोजन लावणे, नित्य घासावे लागणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवणे, स्टिअरिंगखालचा हँडगिअर काढून तो जमिनीवर आणणे, या सुधारणा काळाने सुचवल्या. १९८५ नंतर प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीतील ११७१ सीसीचे जपानी धर्तीचे इंजिन व गिअरबॉक्स काही हौशी मालकांनी जुन्या फियाटमध्ये उतरवली, तीही याच परंपरेस धरून. आणि काही सुधारणा निव्वळ अर्थशास्त्राने सुचवल्या: १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले तेव्हा अँबॅसिडर व जीप यांत डिझेल इंजिने बसू लागली, आणि पुढे लहान गाड्यांत गॅस आला. घरगुती सिलिंडर डिक्कीत ठेवून गाडी चालवण्याचा जो बेकायदा व जिवावर बेतणारा प्रकार त्यातून बोकाळला, तो या कारागिरीवरील काळा डाग होय, हेही येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली आणि या साऱ्या व्यवहाराचे परिमाण बदलले. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन, साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन, हलके स्टिअरिंग आणि पन्नास हजारांच्या घरातली किंमत. हे सर्व पाहून जुन्या मिस्तरींनी आरंभी या पत्र्याच्या डब्याला नाक मुरडले खरे, परंतु तिच्या आगमनाचा पहिला लाभ झाला तो जुन्या फियाटच्या गिऱ्हाइकालाच, कारण फियाटचा चढा भाव खाली आला. दुसरा लाभ दहा-पंधरा वर्षांनी झाला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला होता, १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, शिक्षण हा या दोन्ही शहरांचा प्रमुख व्यवसाय बनत चालला. आणि प्राध्यापक, शिक्षक, कारकून, लहान कंत्राटदार असा जो नवा पगारदार व उद्योगी वर्ग उदयास आला, त्याच्या हाती नेमकी तेव्हाच महानगरांतून उतरलेली जुनी मारुती पडली. फियाटने व्यापाऱ्याला व वकिलाला मोटार दिली असेल. शाळामास्तरला ती दिली जुन्या मारुतीने. तिची दुरुस्ती सोपी, सुटे भाग गल्लोगल्ली मिळणारे, आणि सुधारणेस वाव भरपूर: किंचित रुंद टायर, वातानुकूलन, गाणी वाजवण्याचे यंत्र, मध्यवर्ती कुलूप, कारबोरेटरच्या गाडीवर कायदेशीर गॅस किट. २००८ साली शिखांच्या गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते रुंद झाले तेव्हा त्यांवर अशा पुनर्जन्म घेतलेल्या मारुती मोठ्या संख्येने धावताना दिसत. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले; परंतु वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातून ती अद्याप हद्दपार झालेली नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत मात्र या कारागिरीपुढे दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या आहेत. एक इंधनाची, दुसरी कायद्याची. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना शिशाचे जे संरक्षण मिळे ते त्याबरोबर गेले, आणि कठीण धातूच्या बैठकी बसवणे आवश्यक झाले. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. आपल्याच मांजरा नदीकाठच्या उसापासून निघणारा हा पदार्थ शेतकऱ्याच्या हिताचा असला तरी जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कारबोरेटरमधील पडदे त्याला टिकत नाहीत, ते बदलावेच लागतात. कायद्याची अडचण याहून सूक्ष्म आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, मोजके अपवाद सोडल्यास, कारखानदाराने नोंदवलेल्या मूळ स्वरूपात फेरफार करण्यास मज्जाव केला आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीचा कडक अर्थ लावला. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्याने करावयाची तर तपासणी आहे, पर्यावरण कर आहे, आणि एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांचे शुल्क ५००० रुपये झाले. उलट २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस विशेष नोंदणीचा मान दिला, पण तो ती मूळ रूपात जपलेली असेल तरच. म्हणजे कायद्याच्या नजरेत जुन्या मोटारीस आता जणू दोनच गती उरल्या आहेत: एक संग्रहालयाची, दुसरी भंगाराची. रोजच्या वापरासाठी बांधलेली, सुधारलेली, कामाची जुनी गाडी या दोहोंच्या मध्ये कोठेच बसत नाही.

धूर ओकणारी मोडकी वाहने रस्त्यावरून हटावीत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु गाडीचे वय हाच तिच्या योग्यतेचा निकष मानणे आणि तिची प्रत्यक्ष प्रकृती दुय्यम मानणे, हे न्यायाचे नव्हे. जी विद्या या दोन जिल्ह्यांनी बहुतांशी विद्यालयाच्या साहाय्यावाचून तीन पिढ्या सांभाळली, तिला आता संगणकावर दोष शोधणाऱ्या नव्या यंत्रविद्येची जोड देऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले पाहिजे, आणि सुधारलेल्या गाडीची काटेकोर तपासणी करून तिला रीतसर मंजुरी देण्याची सोपी व्यवस्था परिवहन खात्याने केली पाहिजे. ज्या तरुणास आपली पहिली मोटार जुनीच घ्यावयाची आहे, त्यास या इतिहासाचा एवढाच व्यवहारी उपदेश: आधी कागद पाहा, मग पत्रा, मग इंजिन, आणि हाती असलेल्या रकमेतून ब्रेक, टायर, स्टिअरिंग व वायरिंग यांचा खर्च पुरा झाल्यावाचून रंगाला एक पैसाही देऊ नका.